उपकेंद्रावर बीपी-शुगरसोबत मनाची चौकशी : फॉर्म भरला जातो, पण विचारलं जातं का?

ओसरी

नमस्कार मंडळी. मी माणदेशातल्या एका उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी आहे. बीएएमएस झाल्यावर सहा महिन्यांचा कोर्स करून इथे आले, आता चौथं वर्ष चालू आहे. बरेच दिवस मनात घोळणारा विषय मांडते. जरा लांबण लागेल.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ३० वर्षांवरच्या प्रत्येकाचा एक फॉर्म आशाताई घरी जाऊन भरतात. आम्ही त्याला 'सीबॅक' म्हणतो. वय, तंबाखू, दारू, कमरेचा घेर, आठवड्याला १५० मिनिटं अंगमेहनत होते का, घरात कुणाला बीपी-शुगर-हृदयविकार आहे का, याला गुण असतात. बेरीज ४ च्या वर गेली की माणूस जोखमीचा, त्याला आधी तपासायचं. पुढे क्षयरोग, तोंडाचा, स्तनाचा आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग यांच्या लक्षणांचे प्रश्न. आणि शेवटी मनाचे दोन: गेल्या दोन आठवड्यांत कामात रस किंवा आनंद वाटला नाही असं किती वेळा झालं, आणि उदास, निराश किती वेळा वाटलं. प्रत्येकाला ० ते ३ गुण. फॉर्म चांगलाच आहे, माझं भांडण फॉर्मशी नाही.

मागच्या वर्षीची गोष्ट. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) चाळिशीतल्या एक मावशी सव्वा महिन्यात चार वेळा आल्या. कधी डोकं जड, कधी पाठ, कधी हातापायाला मुंग्या. बीपी १३० बाय ८४, शुगर ठीक. मी कॅल्शियम आणि दुखण्याची गोळी देत राहिले. चौथ्या वेळी मी दंडाचा पट्टा सोडत होते तेव्हा हळूच म्हणाल्या, "मॅडम, झोपंची गोळी मिळती का हितं?"

"किती दिवस झोप नाही?"

"मी झोपतच न्हाई. मी झोपले आन् ह्यांनी काय करून घेतलं तर?"

तिसरी बोअर कोरडी गेल्यापासून नवरा बोलायचा बंद झाला होता. जेवायला बोलावलं तर येतो, नाहीतर गोठ्यात बसून. त्या रात्र-रात्र त्याच्या पायगती बसून राहायच्या. मी विचारलं, फवारणीचं औषध कुठे ठेवता? म्हणाल्या, गोठ्यातच, वळचणीला.

त्याच संध्याकाळी आशाताई आणि मी त्यांच्या घरी गेलो. बाटली दिरांच्या घरी हलवली, कुलपात. दुसऱ्या दिवशी नवऱ्याला घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्र, तिथून ग्रामीण रुग्णालय.

नंतर मी मावशींचा फॉर्म काढून पाहिला. मनाचे दोन प्रश्न: शून्य आणि शून्य. एकूण बेरीज ३, म्हणजे जोखीम नाही. आशाताईंना विचारलं तर त्या रडवेल्या झाल्या. म्हणाल्या, "मॅडम, ओट्यावर बसून भरला. सासूबाई शेजारी शेंगा फोडत होत्या. त्या बाईनं काय सांगावं?" नवऱ्याचा फॉर्मही भरलेला होता. तो त्या दिवशी शेतावर होता, उत्तरं बायकोनं दिली होती. त्यालाही शून्य-शून्य.

चूक आशाताईंची नाही. चार वेळा माझ्या समोर बसलेल्या बाईला मीही विचारलं नव्हतं. तेव्हापासून हे माझ्या डोक्यातून जात नाही. इथे डॉक्टर आहेत, आशाताई आहेत, रुग्ण म्हणून अनुभव घेतलेले आहेत. तुम्ही कसं विचारता? कुठे विचारता? आणि 'हो' असं उत्तर आलं तर पुढे काय करता?

चुलीपाशी

ताई, मी आशा आहे, सांगली जिल्ह्यात, १२ वर्षं झाली. तुमची पोस्ट दोनदा वाचली. ओट्यावरच भरावा लागतो फॉर्म, खरं आहे. आत बोलावत नाहीत, आणि बोलावलं तर सगळं घर गोळा होतं.

मनाचं राहू दे, तंबाखूचंही असंच आहे. फॉर्मवर प्रश्न आहे तंबाखू खाता का, ओढता का. बाई म्हणते, छे, आपल्यात चालत नाही. आणि हाताचं बोट काळं! कारण तिच्या लेखी मशेरी म्हणजे तंबाखू नव्हेच, ते दात घासायचं. तव्यावर भाजून, वाटून डबीत भरून ठेवलेली असते. सकाळी एकदा, दुपारी भांडी झाली की एकदा, रात्री एकदा. मी आता विचारते, "काकू, दात कशानं घासता? दिवसातनं कितींदा?" चार वेळा म्हटल्या की मी समजते.

मशेरी लावत बाई एकटी मागच्या दारात बसलेली असते. मी तिथेच जाऊन बसते. मला कळलंय की घरातली तेवढीच जागा तिची असते. तिथे विचारलं की झोपेचं, सासरचं, सगळं निघतं.

तिठा

खर्ऱ्याचंही (सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून करतात तो) तेच. मी चंद्रपूर भागात दंतवैद्य आहे. पोरांना 'तंबाखू खातो का' विचारलं तर 'नाही, फक्त खर्रा' म्हणतात. मी प्रश्नच विचारत नाही. म्हणतो, तुझीच तीन बोटं उभी धरून तोंडात घाल. तोंड पुरतं उघडत नाही, दोनच जातात, तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो, आणि मग तो स्वतः विचारतो, डॉक्टर हे कशानं झालं? २०१२ पासून राज्यात गुटख्याला बंदी आहे, पण ताजा घोटलेला खर्रा प्रत्येक ठेल्यावर.

२०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरणारे निघाले आणि त्यातले बहुतेक धूर न काढणारी तंबाखू घेणारे. म्हणजे आपल्याकडे 'सिगारेट ओढता का' या प्रश्नाचा उपयोग फार थोडा.

सोडायची इच्छा दाखवली की मी त्याच्याच फोनवरून तंबाखू सोडण्यासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा १८०० ११ २३५६ लावून देतो. नंबर लिहून दिला तर चिठ्ठी खिशातच धुतली जाते.

निवडुंग

माझं मत थोडं वेगळं आहे, राग नसावा. आमच्या गावच्या केंद्रात बीपीची गोळी महिन्यातले दहा दिवस नसते. सिस्टर एक, गावं सात. तिथे आशाताईला आणखी दोन प्रश्न देऊन काय साधलं? उत्तर 'हो' आलं तर पाठवायचं कुठे? मनोविकारतज्ज्ञ जिल्ह्याला, ८० किलोमीटर. एक दिवसाची मजुरी गेली, गाडीभाडं गेलं, आणि तिथे दोन मिनिटांत चिठ्ठी.

१९६८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी विल्सन आणि युंगनर यांनी चाळणी तपासणीचे (स्क्रीनिंगचे) निकष लिहिले. त्यातला एक साधा आहे: ज्यावर उपचार आहे, आणि निदानाची व उपचाराची सोय आहे, तेच शोधावं. ज्याच्यावर आपण काही करणार नाही ते शोधून माणसाच्या हाती एक शिक्का देण्यात मला न्याय दिसत नाही. 'वेड्याचे डॉक्टर' हा शब्द गावात अजून जिवंत आहे. मुलीचं लग्न मोडतं त्यापायी.

ओसरी

निवडुंग, राग कशाला, तुमचा मुद्दा मलाही रात्री छळतो. पण त्या मावशींच्या बाबतीत बाटली हलवायला मनोविकारतज्ज्ञ लागला नाही. आशाताईंची पिशवी आणि एक कुलूप लागलं.

गोळ्यांचा तुटवडा मात्र खरा आहे.

गरवारी

मी मनोविकारतज्ज्ञ आहे, सरकारी नोकरीत होतो, आता खासगी. काही गोष्टी नीट मांडतो, कारण या विषयात दोन्ही टोकांचे गैरसमज आहेत.

फॉर्ममधले ते दोन प्रश्न म्हणजे पीएचक्यू-९ या नऊ प्रश्नांच्या यादीतले पहिले दोन. दोन्ही मिळून ३ किंवा जास्त गुण आले तर पुढचे सात विचारायचे. पूर्ण यादीला ० ते २७ गुण. १० किंवा जास्त आले तर नैराश्याची शक्यता धरून नीट तपासायचं, १५ पासून पुढे घाईनं, २० पासून पुढे अधिकच. पण हे निदान नव्हे. तापाची पट्टी जशी ताप सांगते, मलेरिया की टायफॉईड ते सांगत नाही, तसंच.

आकड्यांत सांगतो. समजा गावातल्या १०० जणांपैकी १० जणांना खरंच नैराश्य आहे. प्रश्नावली खरे रुग्ण शंभरात ८५ वेळा ओळखते आणि निरोगी माणसाला शंभरात ८५ वेळा निरोगी म्हणते, असं धरू. मग १० पैकी ८-९ जण सापडतील, पण उरलेल्या ९० पैकी १३-१४ जणही उगाच 'आहे' म्हणून निघतील. म्हणजे ज्यांना 'आहे' म्हटलं त्यातले निम्म्याहून जास्त आजारी नाहीतच! त्यांना थेट गोळी सुरू करणं चूक. म्हणून दुसरी पायरी हवी: कुणीतरी शिकलेल्या माणसानं १५ मिनिटं बसून ऐकणं, हिमोग्लोबिन, थायरॉईड, बी१२ बघणं, दारूचं विचारणं, आणि आधी कधी उलट, म्हणजे अति उत्साहाचे, झोपेविना दिवसरात्र धावपळीचे दिवस आले होते का ते विचारणं. हे शेवटचं विसरून नुसती नैराश्याची गोळी दिली तर काही रुग्ण त्या उलट टोकाला जातात. मी असे पाहिले आहेत.

निवडुंग यांचा निकष बरोबर आहे, आणि जगातही याच कारणानं मतभेद आहेत. अमेरिकेतला तज्ज्ञगट सर्व प्रौढांची नैराश्यासाठी चाळणी करा म्हणतो. कॅनडाच्या तज्ज्ञगटानं २०१३ मध्ये सरसकट चाळणीच्या विरोधात मत दिलं. ब्रिटनही सरसकट करत नाही. वाद 'विचारावं का' यावर नाहीच, 'सगळ्यांना छापील यादीनं विचारावं का' यावर आहे. समोर बसलेली बाई चौथ्यांदा विनाकारण पाठदुखी घेऊन आली असेल तर विचारलंच पाहिजे, यावर कॅनडावालेही हो म्हणतील.

आणि उपचाराच्या सोयीविषयी. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात नैराश्य, चिंता अशा नेहमीच्या आजारांच्या रुग्णांपैकी साधारण ८५ टक्के उपचाराविना आढळले. हे सगळे माझ्यासारख्याकडे पोचायचे म्हटलं तर दोन जन्म लागतील. ते आज जातात कुठे? ओसरीताईंच्या खुर्चीसमोर, पाठदुखी घेऊन.

मांडवी

गोव्यातून लिहितेय. निवडुंग यांच्या 'पाठवायचं कुठे' या प्रश्नाला आमच्या बाजूनं थोडं उत्तर आहे. कदाचित पाठवायचंच नाही.

इथे 'संगथ' ही संस्था १९९६ पासून काम करते, डॉ. विक्रम पटेल तिच्या संस्थापकांपैकी. त्यांच्या 'मानस' अभ्यासात केंद्रावर येणाऱ्यांना आधी बारा प्रश्नांची यादी विचारायची, आणि ज्यांना त्रास दिसला त्यांना गावातल्याच, डॉक्टर नसलेल्या, शिकवून तयार केलेल्या सल्लागार भेटायच्या. २०१० मध्ये निकाल आले. सरकारी केंद्रांत सहा महिन्यांनी बरे झालेले या गटात ६५.९ टक्के, नेहमीच्या पद्धतीत ४२.५ टक्के. खासगी दवाखान्यांत मात्र फरक दिसला नाही. मला वाटतं यावर कुणी पुरेसं बोलत नाही. सरकारी केंद्र म्हणजे कमअस्सल हे इथे खोटं ठरलं.

पुढे नैराश्यासाठी सहा ते आठ बैठकांचा एक कार्यक्रम आणि जास्त पिणाऱ्या पुरुषांसाठी जास्तीत जास्त चार बैठकांचा दुसरा, असे दोन अभ्यास झाले. नैराश्याच्या बैठकांत करायचं काय? तर माणसानं सोडून दिलेलं एखादं छोटं काम पुन्हा सुरू करायचं. देवळापर्यंत चालणं, शेजारणीकडे बसणं, बागेला पाणी. तीन महिन्यांनी ६४ टक्के सावरले, दुसऱ्या गटात ३९. दारूचा निकाल इतका मोठा नव्हता, ३६ विरुद्ध २६, पण तोही फायद्याचाच.

माझी मावशी त्यातल्या एका केंद्रावर जायची. सल्लागार मुलगी तिला म्हणाली होती, रोज अंगण झाडायचं आणि झाडलं की कॅलेंडरवर टिंब द्यायचं. मावशीच्या स्वयंपाकघरातलं ते टिंबांचं कॅलेंडर तिनं वर्ष संपल्यावरही काढलं नाही.

धुरा

विदर्भातलं उदाहरण राहिलं. अमरावती जिल्ह्यात 'विश्राम' नावाचा प्रकल्प झाला, ३० गावांत. गावातल्याच कार्यकर्त्यांनी घरोघर बोलून त्रासलेली माणसं हेरायची, धीर द्यायचा, गरज पडली तर डॉक्टरपर्यंत न्यायचं. सुरुवातीला नैराश्य असलेल्यांपैकी ४.३ टक्के कुणाकडे तरी मदतीला गेले होते, दीड वर्षानं २७.२ टक्के. तरीही तीन चतुर्थांश बाहेरच राहिले, हेही तितकंच खरं.

आता माझं. हे मी कुठेच लिहिलेलं नाही.

माझे बाबा २०१४ च्या पावसाळ्यात गेले. स्वतःहून. शेवटच्या दोन महिन्यांत ते तीन वेळा दवाखान्यात गेले होते. पोटात आग पडते, पाठ धरते, ताकद नाही. कागद आहेत माझ्याजवळ. ॲसिडिटीच्या गोळ्या, सलाईन, पुन्हा गोळ्या. तिन्ही कागदांवर वजन लिहिलं आहे: ६१, ५८, ५४. कुणी विचारलं नाही की पाटील, सात किलो कुठे गेले?

मी डॉक्टरांना दोष देत नाही. बाहेर शंभर माणसं बसलेली असतात. मीही विचारलं नव्हतं, मी पुण्याला होतो, फोनवर कापसाचा भाव विचारायचो. पण ज्यांना वाटतं की विचारून काय उपयोग, त्यांना मला एवढंच सांगायचं आहे की माझे बाबा आयुष्यात कधी खोटं बोलले नाहीत. विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं.

चुलीपाशी

दादा, वाचून हात थांबला. आमच्याकडेही दोन घरं आहेत अशी.

गरवारी

धुरा, तुम्ही लिहिलंत, त्याबद्दल आभार मानायला शब्द अपुरे आहेत.

परदेशातल्या अभ्यासांत असं दिसलं आहे की आत्महत्येनं गेलेल्यांपैकी जवळजवळ निम्मे शेवटच्या महिन्यात कुठल्या ना कुठल्या साध्या डॉक्टरकडे गेलेले असतात. एनसीआरबीच्या (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या) नोंदीत २०२२ मध्ये एकट्या महाराष्ट्रात २२,७४६ आत्महत्या आहेत, देशात सर्वाधिक. त्यातले किती जण पाठदुखी सांगून परतले असतील या विचारानं मला अस्वस्थ व्हायला होतं.

एक भीती कायमची काढून टाकू या. 'मरणाचं विचारलं तर डोक्यात भरवल्यासारखं होईल' हे खरं नाही. यावर पुष्कळ संशोधन झालं आहे. विचारल्यानं धोका वाढत नाही, उलट माणसाला सुटल्यासारखं होतं. यादीतला नववा प्रश्न हाच आहे, आणि तोच सगळ्यात जास्त वेळा न विचारता शून्य लावून सोडला जातो. नववा प्रश्न कधीही दुसऱ्याच्या तोंडून भरू नका. उत्तर 'हो' आलं तर पुढचे तीन: कसं करायचं ठरवलं आहे का? ते साधन घरात आहे का? आज रात्री कोण सोबत आहे? ओसरीताईंनी फवारणीच्या औषधाचं विचारलं तो यातलाच दुसरा प्रश्न.

कायद्याची भीतीही नको. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असंच आधी धरायचं, त्याला शिक्षा करायची नाही.

वाटसरू_न्यूजर्सी

इथे अमेरिकेत वर्षाच्या तपासणीला गेलं की आधी हातात टॅबलेट देतात. दारू किती, सीटबेल्ट लावता का, घरात सुरक्षित वाटतं का, आणि तेच नऊ प्रश्न. मी सात वर्षं सगळीकडे शून्य लावत आलो. आमच्या ओळखीतले कितीतरी लावतात. नोंद राहील, विम्याला अडेल, व्हिसाच्या वेळी निघेल, अशी भीती. ती खरी की खोटी हे कुणी तपासत नाही. मागच्या वर्षी आईच्या जाण्यानंतर नव्या डॉक्टरनं टॅबलेट बाजूला ठेवला आणि म्हणाली, हे तू भरलंस, आता सांग कसा आहेस. मी तिथेच कोसळलो. सात वर्षांच्या शून्यांनी जे झालं नाही ते एका वाक्यानं झालं.

रहाटगाडगं

दारूबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. मी एमपीडब्ल्यू आहे, म्हणजे बहुउद्देशीय आरोग्य कर्मचारी (पुरुष). फॉर्मवर प्रश्न आहे 'रोज दारू पिता का'. गडी म्हणतो रोज नाही. गुण शून्य. आणि खरं तर बुधवारी बाजारच्या दिवशी दोन क्वार्टर, पगाराच्या शनिवारी तीन. रोज कुठे पितो तो!

मी आता असं विचारतो, मागच्या बुधवारी किती झाली? बसल्या बैठकीला किती? हे तो सांगतो, लाजत नाही, कारण मी 'पितोस का' असं विचारलेलंच नसतं. एक क्वार्टर म्हणजे १८० मिली, त्यात डॉक्टरी हिशेबानं सहा पेग होतात हे ऐकून लोक चकित होतात. त्यांच्या हिशेबी ती 'एकच' असते.

आणि पुरुषांना गाठायचं असेल तर दुपारी घरी जाऊन उपयोग नाही. मी सकाळी साडेसहाला डेअरीवर जातो, दूध घालायला सगळे येतात. बीपीचं मशीन घेऊन बसतो. कॅन रांगेत, माणसं मोकळी. मागच्या चार महिन्यांत जेवढे पुरुष तपासून झाले तेवढे आधी वर्षभरात झाले नव्हते. मनाचं मात्र डेअरीवर विचारत नाही. ज्याचा चेहरा उतरलेला दिसतो त्याला म्हणतो, बीपी जरा वर आहे, उद्या केंद्रावर ये, निवांत बघू.

गरवारी

डेअरीची कल्पना उत्तम. फक्त 'बीपी वर आहे' हे खोटं असेल तर सांगू नका, ते कधीतरी उघडं पडतं. 'मला तुझ्याशी दोन मिनिटं बोलायचंय, उद्या ये' एवढं पुरतं.

आणि रोज पिणारा, सकाळी हात कापणारा माणूस असेल तर 'आजपासून बंद कर' असा सल्ला देऊ नका. एकदम बंद केल्यानं फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीवही जातो. त्याला आधी एमओंकडे (वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे) न्या.

रहाटगाडगं

मान्य. बीपीचं खोटं सांगणं बंद करतो.

निवडुंग

धुरा यांचा प्रतिसाद वाचून दोन दिवस काही लिहिलं नाही. माझा निकष मी सोडत नाही, सोय हवीच, आणि ती मागितली पाहिजे. पण 'सोय' म्हणजे मी तज्ज्ञ आणि इमारत धरत होतो. अंगणाचं टिंब आणि कुलूप मी सोयीत धरलं नव्हतं.

एक विचारायचं आहे. आमच्या आशाताई फार चांगल्या आहेत, पण गावातल्याच आहेत, भावकीतल्या आहेत. त्यांना सांगितलेलं बाहेर जाणार नाही याची हमी काय? शेजारच्या गावात असं घडलं आहे. एका बाईनं सांगितलं आणि आठवड्यात पाणवठ्यावर चर्चा.

चुलीपाशी

रास्त प्रश्न आहे. भावकीतल्या बाईला मी स्वतःच सांगते, आक्का, हे मला नको सांगू, मॅडमला सांग, मी तुला नेते. आणि ज्यांना कुणालाच ओळखीत सांगायचं नाही त्यांना १४४१६ देते, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा. २०२२ पासून आहे, फुकट आहे, रात्रीही उचलतात, मराठीत बोलतात. माझ्या फोनवरून लावून देते आणि लांब जाऊन उभी राहते.

ओसरी

सगळ्यांचे मनापासून आभार. या धाग्यातून जे उचललं ते आमच्या महिन्याच्या बैठकीत आशाताईंसमोर ठेवलं. आम्ही काय ठरवलं ते लिहिते, कुणाला उपयोगी पडलं तर घ्या.

फॉर्म ओट्यावर भरायचा तो भरायचा, पण मनाचे दोन प्रश्न ओट्यावर विचारायचे नाहीत. ते कोरे ठेवायचे आणि बाई उपकेंद्रावर बीपीला आली की आत विचारायचे. कोरं चालेल, खोटा शून्य नको. वरून विचारणा झाली तर उत्तर मी देईन असं सांगितलं आहे. पुरुषाचं उत्तर बायकोकडून घ्यायचं नाही.

सुरुवात झोपेनं. 'झोप लागते का? मध्येच जाग येते का? जाग आली की काय विचार येतात?' झोपेचं विचारलं तर कुणी बिथरत नाही. मग 'कामात जीव लागतो का', 'शेजारीपाजारी बसावंसं वाटतं का'. गरवारी सरांनी व्यनितून (व्यक्तिगत निरोपातून) बजावलं की गुण मात्र छापील प्रश्नालाच द्यायचे, माझ्या मनच्या शब्दांना नाही, नाहीतर दोन महिन्यांनी तुलना कशाशी करणार? म्हणून आधी असं बोलायचं आणि मग छापील प्रश्न शब्दशः वाचायचे. सुरुवातीला मला हे अवघडल्यासारखं वाटलं. पण बोलून झाल्यावर वाचले की छापील प्रश्नही परके वाटत नाहीत, हा अनुभव आहे.

तपासणीच्या टेबलापाशी आमच्याकडे आडोसा नव्हता. खिडकी थेट ओसरीवर उघडते आणि ओसरीवर लोक बसतात. एका आशाताईंनी जुन्या नऊवारीचा पडदा शिवून आणला, हिरवा, काठ वर घेऊन.

'जीव घाबरा होतो', 'कसंतरीच होतं', 'डोकं चालत नाही', 'अंगात बळ न्हाई' असे शब्द आशाताईंच्या वहीत मागच्या पानावर लिहायला सांगितले आहेत. हे शब्द कानावर आले की ते फक्त अंगाचं दुखणं समजून सोडायचं नाही.

मांडवी

वाचनखूण साठवली. नऊवारीच्या पडद्याचा फोटो टाका ना, माणसं नसताना.

धुरा

ओसरीताई, तुमच्या पहिल्या पोस्टमधल्या त्या गृहस्थांचं पुढे काय झालं? सांगण्यासारखं असेल तरच.

ओसरी

धुरा, त्यांना विचारून लिहिते आहे. ते हो म्हणाले.

ग्रामीण रुग्णालयात ठरलेल्या वारी जिल्ह्याचे मनोविकारतज्ज्ञ येतात, त्यांनी पाहिलं, गोळी सुरू झाली. पहिल्या दिवशी नऊ प्रश्नांचे गुण १७ होते. पहिले तीन आठवडे काहीच फरक नाही, गोळी सोडतो म्हणाले. आशाताई दर दोन दिवसांनी जाऊन नुसत्या बसून यायच्या. मांडवीताई, तुमचं टिंबांचं कॅलेंडर मी इथे वाचल्यावर त्यांना सुचवलं. ते म्हणाले टिंब नको, लिटर लिहितो. गाईचं दूध पुन्हा स्वतः काढायला लागले आहेत आणि भिंतीवर खडूनं आकडा लिहितात. बोअर कोरडीच आहे. बँकेचं अर्धंमुर्धं मार्गी लागलंय, अर्धं नाही.

परवा मंगळवारी एकटेच आले. पडदा ओढून बसले आणि म्हणाले, "मॅडम, त्या कागदावरलं नऊ इचारायचं ऱ्हायलंय." विचारले. ९ आले. नवव्या प्रश्नाला थोडा वेळ थांबून म्हणाले, "आता न्हाई येत तसलं." मावशी रात्री झोपतात, मधे एकदा उठून बघतात एवढंच.

बाटली अजून दिरांच्याच कुलपात आहे. फवारणीच्या दिवशी दोघं मिळून काढतात आणि संध्याकाळी परत ठेवतात.